बटणं कमी, पण प्रत्येक बटणात खोली हवी

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवरची बटणं कमी केली की खेळ उथळ होतो, हे मत मला पटत नाही. १९७७ च्या अटारी गेम कन्सोलच्या जॉयस्टिकला एकच बटण होतं, तरी लोक तासन्‌तास रमायचे. खरा प्रश्न एका बटणातून किती सांगता येतं हा आहे. प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक २ कंट्रोलरची (२०००) बटणं दाबाचा जोर ओळखायची, पण पुढच्या ड्युअलशॉक ४ मध्ये ती सोय गेली. माझ्या मते अडचण अशी, की बटण जेमतेम खाली जातं, त्यामुळे निम्मं दाबलंय की पूर्ण, हे बोटाला कळतच नाही. त्यानंतरच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरच्या (२०२०) ट्रिगरमध्ये, म्हणजे तर्जनीने ओढायच्या खोल कळेत, मोटर प्रतिरोध देते, तिथे मात्र बोटाला टप्पा जाणवतो.

म्हणून मला हवाय दोनच मोठ्या, खोल दबणाऱ्या कळांचा कंट्रोलर: हलकं दाबलं की नेम, अडथळा ओलांडला की वार. दिशेसाठी जायरो, म्हणजे कंट्रोलर कसा वळवला ते ओळखणारा सेन्सर. तो एका हातानेही चालावा, ही अट मी सोडणार नाही. अपंग खेळाडूंसाठीच्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरने (२०१८) दोन मोठी बटणं आणि बाहेरचे स्विच जोडायला सॉकेट देऊन ती वाट दाखवलीच आहे. आता झटपट मेनू उघडायचा कसा, यावर कुणाला काही सुचतंय का?