युरिया सेंद्रिय की रासायनिक? : ‘सेंद्रिय’, ‘कार्बनी’ आणि काही शेजारचे शब्द (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

परीक्षानळी :

माझी भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि यंदा अकरावीला विज्ञानशाखेत गेली. रसायनशास्त्राचे पुस्तक आता इंग्रजीत आहे, म्हणून प्रत्येक नव्या संज्ञेशेजारी समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहायचा, अशी सवय आम्ही दोघींनी लावून घेतली आहे. ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री’ या मथळ्याशेजारी तिने ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ असे लिहिले आणि दुसऱ्याच पानावर ती अडली. प्रयोगशाळेत तयार झालेल्या पहिल्या काही सेंद्रिय संयुगांपैकी एक म्हणून पुस्तक युरियाचे नाव घेते, आणि आमच्या गावी सेंद्रिय शेती म्हणजे जिच्यात युरियाचे एक पोतेही रिकामे झालेले नाही अशी शेती. “मावशी, युरिया सेंद्रिय आहे की रासायनिक?” या तिच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, त्याने माझेच समाधान झाले नाही.

दोन शंका आहेत. एकाच शब्दाचे इतके विरोधी अर्थ कसे झाले? आणि दहावीच्या पाठ्यपुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ असा शब्द आहे, तोच पुढे चालवला तर हा गोंधळ टळेल का?

चंचुपात्र :

आधी शब्दाची फोड करू. स + इंद्रिय = सेंद्रिय, म्हणजे इंद्रियांसह असलेले; निर् + इंद्रिय = निरिंद्रिय, म्हणजे इंद्रिये नसलेले. येथे ‘इंद्रिय’ हा शब्द डोळे, कान अशा ज्ञानेंद्रियांपुरता मर्यादित नसून शरीराचा कार्य करणारा अवयव या अर्थाने आला आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘ऑर्गॅनॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ साधन, हत्यार असा आहे, आणि आपल्याकडेही इंद्रिय म्हणजे जाणण्याचे किंवा करण्याचे साधनच. ज्या कोणी हा प्रतिशब्द घडवला, त्याने केवळ ध्वनी न पाहता अर्थाच्या मुळापर्यंत जाऊन तो घडवला, असे माझे मत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी ही विभागणी रूढ केली, तेव्हा तिच्यामागे एक समजूत होती. साखर, तेल, मूत्रातील युरिया यांसारखे पदार्थ घडवायला जिवंत शरीरातील अवयव आणि त्यांत वसणारी ‘जीवनशक्ती’ लागते, भट्टीत किंवा काचपात्रात ते घडू शकत नाहीत, असे त्या काळी मानले जाई. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर अमोनियम सायनेट तयार करू पाहत होते, आणि हाती आलेले पांढरे स्फटिक निघाले युरियाचे. माणसाचे किंवा कुत्र्याचे मूत्रपिंड न वापरता आपण युरिया बनवू शकतो, असे त्यांनी बर्झेलियस यांना पत्राने कळवले. जीवनशक्तीची कल्पना त्या एका पत्राने लगेच मेली, असे सांगण्याची पद्धत आहे, पण ते खरे नाही. ती हळूहळू मागे पडली, आणि १८४५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कोल्बे यांनी अजैविक पदार्थांपासून ॲसिटिक आम्लापर्यंतचा प्रवास करून दाखवला, तेव्हा तिची बाजू आणखी लंगडी झाली. कारण गेले तरी नाव मात्र राहिले, आणि आज त्या नावाखाली कार्बनच्या बहुतेक संयुगांचा अभ्यास येतो.

आता शेतीकडे वळू. १९४० साली इंग्लंडमध्ये लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी ‘ऑरगॅनिक’ हे विशेषण शेतीला लावले, ते शेत हे स्वतःच एका सजीव देहासारखे असते, त्याचे भाग एकमेकांवर अवलंबून असतात, या अर्थाने. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच मुळावरचे आहेत, पण फांद्या निराळ्या. एका फांदीवर विशेषण रेणूला लागते, दुसऱ्या फांदीवर शेत चालवण्याच्या रीतीला. कारखान्यातील युरिया अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यावर मोठा दाब देऊन बनवतात. त्याचा रेणू आणि मूत्रातील युरियाचा रेणू यांत तसूभरही फरक नसतो. तरीही सेंद्रिय शेतीत त्याला मज्जाव असतो, कारण तेथे प्रश्न रेणूचा नसून पोते कोठून आले याचा आहे.

खरा घोटाळा ‘रासायनिक’ या शब्दाने केला आहे. रसायनशास्त्रात सेंद्रियचा विरुद्धार्थी शब्द निरिंद्रिय किंवा असेंद्रिय आहे, ‘रासायनिक’ नव्हे. शेणखतातही रसायनेच असतात. “सेंद्रिय की रासायनिक?” हा प्रश्न “आंबा पिवळा की गोड?” या धाटणीचा आहे.

बांधावरून :

मी शेती करतो, म्हणून दुसऱ्या शंकेपुरते लिहितो. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ (कर्ब म्हणजे कार्बन) असा एक रकाना असतो आणि त्याखाली टक्केवारी दिलेली असते. आमच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तिच्यातही कार्बन आहेच. पण तो या रकान्यात मोजत नाहीत, चुनखडीसाठी वेगळा रकाना असतो. नेहमीच्या पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेटने मातीतील जो कर्ब ऑक्सिडीकृत होतो तेवढाच मोजला जातो, आणि चुनखडीतील कार्बन त्याला दाद देत नाही. ‘सेंद्रिय’ शब्द काढून टाकला, तर या रकान्याला काय नाव देणार, ‘कार्बनी कार्बन’?

चिमटा :

बांधावरून यांनी नेमके दुखणे दाखवले आहे. ‘कार्बनी’ हा शब्द स्वच्छ आहे, जीवनशक्तीचे ओझे त्याच्यावर नाही, आणि मराठी विश्वकोशानेही तो वापरला आहे. पण धुण्याचा सोडा, चुनखडी आणि कार्बन डायऑक्साइड या सर्वांत कार्बन असूनही ते या शाखेबाहेर का, हे त्यातून उलगडत नाही. ‘सेंद्रिय’ शब्दातून तरी कोठे उलगडते, असे कोणी विचारील, आणि तो आक्षेप मला मान्य आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन्ही शब्द सांगतो आणि मथळ्यावर फार वेळ घालवू देत नाही. या विषयात मथळ्यापेक्षा आतल्या शब्दांनी मुले अधिक अडखळतात.

चांगल्या पाठ्यपुस्तकाची माझी कसोटी अशी की, ते संज्ञा आधी आणि व्याख्या मागाहून असे न करता, आधी एखाद्या रेणूचे वागणे दाखवते आणि मग त्या वागण्याला नाव देते. मॉरिसन आणि बॉइड यांचे १९५९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक आमच्या पिढीने झिजेपर्यंत वापरले. त्याचे दुसरेच प्रकरण मिथेनवर आहे, एका कार्बनच्या एवढ्याशा रेणूवर. क्लोरीनशी त्याची अभिक्रिया होताना काय काय घडते, हे सांगता सांगता सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा, ही संकल्पना तेथे येते. ती पाने वाचल्यावर ‘सक्रियण ऊर्जा’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

आता ‘समघटक’ हा शब्द पाहा. भाचीच्या पुस्तकात तो पुढे येईल, पण त्याचे बीज तिच्या युरियातच आहे. अमोनियम सायनेट आणि युरिया या दोहोंत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. घटक तेच, जोडणी निराळी. १८३० साली बर्झेलियस यांनी ‘समान’ आणि ‘भाग’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘आयसोमर’ हे नाव दिले, आणि आपला ‘सम + घटक’ त्याच्याशी अक्षरशः जुळतो. असा शब्द हाती आला, की तो इंग्रजी संज्ञेशेजारी जरूर लिहावा, कारण तो व्याख्येचे काम करतो.

काही शब्द मात्र वाट चुकवतात, आणि त्यांत माझ्या मते पहिला मान ‘संस्पंदन’ या शब्दाचा. ‘रेझोनन्स’साठी, म्हणजे एकाच रेणूचे वर्णन करायला कागदावर दोन किंवा अधिक रचना काढाव्या लागतात त्या स्थितीसाठी, तो योजला आहे. त्यात स्पंदन आहे, म्हणून बेंझीनचा रेणू क्षणात एका रचनेत तर क्षणात दुसऱ्या रचनेत झुलत असतो, असे मुलांना वाटते. खरे पाहता बेंझीनमधील कार्बन-कार्बन बंध सहाच्या सहा सारख्याच लांबीचे, सुमारे १.३९ अँगस्ट्रॉमचे (अणूंच्या मापाचे लांबीचे एकक) असतात. नेहमीचा एकेरी बंध १.५४ आणि दुहेरी बंध १.३४ अँगस्ट्रॉमचा असतो. हे तीन आकडे शेजारीशेजारी लिहिले, की झुलण्याची कल्पना आपोआप गळून पडते. एक जुना दाखला येथे मराठीत फार छान बसतो : खेचर हे काही वेळ घोडा आणि काही वेळ गाढव नसते, ते सदासर्वकाळ खेचरच असते. अर्थात हा दोष केवळ मराठीचा नाही, इंग्रजी शब्दातही तीच अडचण आहे. आपण ती इमानेइतबारे उचलून आणली एवढेच.

जाता जाता : ‘क्रियात्मक गट’ आणि ‘क्रियाशील’ यांची गल्लत होऊ देऊ नका. रेणूचे रासायनिक वागणे ज्या अणुगटावरून ठरते तो क्रियात्मक गट. एखादा पदार्थ चटकन अभिक्रिया करतो, तेव्हा तो क्रियाशील. उत्तरपत्रिकांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

परीक्षानळी :

तिघांचेही आभार. काल आम्ही दोघींनी अमोनियम सायनेट आणि युरिया यांच्या रचना शेजारीशेजारी काढल्या आणि अणू मोजले, तेव्हा ‘समघटक’ शब्द तिला मी सांगण्याआधीच सुचला, दहावीच्या आठवणीतून. पुढची अडचण मात्र मोठी आहे. पुस्तकात जागोजागी ‘मेकॅनिझम’ येते, म्हणजे अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते याचे वर्णन; त्यासाठी ‘यंत्रणा’ लिहावे का? आणि ‘न्यूक्लिओफाइल’ला काय म्हणावे? पुस्तकातील वाकडे बाण ती पाहून पाहून काढते, पण ते उलट्या दिशेने येतात.

चंचुपात्र :

‘यंत्रणा’ हा शब्द ऐकला, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शासकीय यंत्रणा उभी राहते. हिंदीतला ‘क्रियाविधि’ अधिक जवळचा आहे, पण मराठीत ‘विधी’ म्हटले की भटजी आठवतात. म्हणून मी ‘मेकॅनिझम’ तसाच ठेवीन आणि त्यापुढे कंसात लिहीन : इलेक्ट्रॉन कोठून निघाले, कोठे गेले. हे भाषांतर नव्हे, हे मला कळते. पण त्या प्रकरणात विद्यार्थ्याने पेन्सिल हाती घेऊन करायचे काम तेवढेच आहे.

बाण उलटे का येतात, याचे उत्तरही याच वाक्यात आहे. १९२२ पासून प्रचारात आलेला हा वाकडा बाण अणूची वाटचाल दाखवत नाही, इलेक्ट्रॉनच्या जोडीची दाखवतो. ब्रोमोमिथेनवर हायड्रॉक्साइडची अभिक्रिया घ्या. पहिला बाण ऑक्सिजनवरील इलेक्ट्रॉनजोडीपासून निघून कार्बनकडे जातो, दुसरा कार्बन आणि ब्रोमीन यांच्यामधील बंधापासून निघून ब्रोमीनवर थांबतो. ब्रोमीन बाहेर पडते म्हणून मुले बाण ब्रोमीनपासून काढू लागतात, आणि तेथेच सगळे उलटते. या अभिक्रियेत कार्बनवरील तीन हायड्रोजन वाऱ्याने छत्री उलटावी तसे दुसऱ्या बाजूला वळतात. घरात जुनी छत्री असेल, तर ती एकदा उलटी करून दाखवा.

‘न्यूक्लिओफाइल’ हा शब्द ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी १९३३ साली आणला. केंद्रकावर, म्हणजे अणूच्या धनभारित गाभ्यावर, प्रेम करणारा, असा त्याचा अर्थ. ‘केंद्रकस्नेही’ हा शब्द जलस्नेहीच्या चालीवर बरा बसतो आणि मला आवडतोही, पण हा स्नेही रित्या हाताने येत नाही, स्वतःची इलेक्ट्रॉनजोडी घेऊन येतो, ही गोष्ट त्या शब्दातून कळत नाही. तेव्हा शेजारी ‘जोडी देणारा’ एवढे लिहून ठेवावे. बाण नेहमी देणाऱ्यापासून निघतो.

परीक्षानळी :

छत्री उलटी करून झाली. तिची एक काडी मोडली, पण पुढचे तीनही बाण बरोबर आले. मथळ्याशेजारचा ‘सेंद्रिय’ हा शब्द तिने खोडला नाही. त्याखाली तिने दोन ओळी लिहिल्या आहेत : ‘सेंद्रिय (रेणू) – युरिया आहे.’ ‘सेंद्रिय (शेत) – युरिया नाही.’ आणि ‘कार्बनी’ शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, चुनखडीसाठी.