पणजोबांचं नाव युद्धस्मारकांच्या यादीत कसं शोधू? (फुकटातले पर्याय सांगा)

अजनीचा_नातू
आमचे पणजोबा मारुती पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. मूळ गाव साताऱ्याकडचं. आजोबा रेल्वेत लागले म्हणून आम्ही नागपूरचे. घरी एक मेडल आहे, आणि पलटण ११७ मराठा, एवढंच ठाऊक. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आडनाव टाकलं, शून्य. पैसे भरायचे नाहीत. दिवाळीपर्यंत बाबांना दाखवायचंय.

संत्रा_बर्फी
मी परदेशी वंशावळ साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. महाग आहे, पण काय पसारा आहे राजा! आजेसासऱ्यांची बोटीची यादीसुद्धा मिळाली. घेऊनच टाका.

तर्री_पोहा
तो फुकट म्हणून राहिला ना बे.

बर्डीवाला
बसऱ्याचं काय घेऊन बसलात, १८१७ च्या लढाईतल्या कबरी आपल्या सीताबर्डी किल्ल्यातच आहेत. २६ जानेवारीला किल्ला उघडतात, जाऊन या.

निवृत्त_सुभेदार
१८१७ चा इथे काय संबंध? कमिशनच्या यादीत फक्त दोन महायुद्धं, पहिल्याची मुदत ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१.

आता कामाचं. त्या साइटवर आपल्या शिपायांचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यात असतं, म्हणून मारुती तिथेच टाका. शेवटी आय, डबल ई, वाय, सगळं करून बघा; कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलंय. नाहीच जमलं तर नावाचा रकाना कोरा ठेवा. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये पहिलं महायुद्ध, इंडियन आर्मी, देश इराक निवडा, रेजिमेंटमध्ये ११७ मराठा आणि जादा माहितीच्या रकान्यात सातारा. बापाचं आणि गावाचं नाव तिथे लिहिलेलं असतं, सगळ्यांचं नाही. निकाल एक्सेलमध्ये उतरवता येतात.

धरमपेठकर_काकू
इंडिया गेटवर सगळ्यांची नावं आहेत, मी स्वतः पाहिलीत. दिल्लीचं तिकीट काढा.

निवृत्त_सुभेदार
ताई, तिथे तेरा हजारांच्या वर आहेत, सगळी नाहीत. आणि शेजारचं २०१९ चं राष्ट्रीय युद्धस्मारक स्वातंत्र्यानंतरच्या शहीदांचं. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, ज्यांची कबर सापडली नाही ते बसरा मेमोरियलवर, चाळीस हजारांहून जास्त. दगडावर आपल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा फक्त आकडा. नावं मिळतील ती यादीत.

तर्री_पोहा
आकडा फक्त?? वा रे साहेब लोक.

संत्रा_बर्फी
तेच म्हणते, पैसे भरल्याशिवाय काही होत नाही.

कामठी_रोड
मेडल कोणत्या धातूचं आहे? ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळायचं, मजूर-हमालांच्या तुकड्यांना काशाचं. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन वाचा. एका नावाचे पाच-पन्नास निघतात, माणूस पक्का होतो तो नंबरावरून.

अजनीचा_नातू
चांदीचंच आहे! आई दर दसऱ्याला चिंचेने घासते, त्यामुळे कडेवरची अक्षरं झिजलीत. नंबर मात्र वाचता येतो, पुढे एम-ए-आर एवढं दिसतं.

निवृत्त_सुभेदार
आईंना सांगा, आता घासू नका म्हणावं. नंबर टाका, आणि तारीखही बघा. ११७ इराकातल्या कूट गावी तुर्कांच्या वेढ्यात होती, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतरची तारीख निघाली तर तुर्कांच्या कैदेतले असू शकतात.

बर्डीवाला
किल्ल्याचं मी गमतीत नव्हतो म्हणालो.

अजनीचा_नातू
सगळ्यांचे आभार. दिवाळीत पुण्याला मामाकडे जातोच आहे, तर बाबांना घेऊन खडकीच्या वॉर सिमेट्रीतच जाऊन येतो. स्मारक प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांना बरं वाटेल.

कामठी_रोड
अहो, खडकीला पहिल्या युद्धातली नावं आहेत ती हिंदुस्थानात मेलेल्यांची. बसऱ्यातला माणूस तिथे कसा सापडेल?

अजनीचा_नातू
ते कळलं. तरी जातो. तिकिटं काढून झाली.

निवृत्त_सुभेदार
जा हो. पण नंबर टाकून पाहिला का?