प्रति: शेवाळ काही केल्या जाईना

भावा, तुझ्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधलं केसासारखं लांब शेवाळ जात नाही म्हणालास, त्यावर वर कुणीतरी चार दिवस लाईट बंद ठेव म्हणालंय, त्यानं शेवाळ दबतंय खरं पण लाईट लावली की परत हजर. टॉपअपला, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी, नळाचं पाणी घालतोस म्हणालास ना, तिथंच गोम आहे, त्यातनं फॉस्फेटसारखं शेवाळाचं खाद्य टाकीत येतंय. नुसत्या आरओ फिल्टरवर भागत नाही, पुढं डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य आला पाहिजे. फॉस्फेट टेस्ट शून्य दाखवतीय म्हणून खूश होऊ नको, सगळं शेवाळानंच खाल्लंय. दगड काढून टाकीतल्याच खाऱ्या पाण्यात टूथब्रशनं घास, नळाखाली नको, दगडातले उपयोगी बॅक्टेरिया मरतील. पण फॉस्फेट खरंच शून्यावर आणू नको, ०.०३ ते ०.१ पीपीएम बास, नाहीतर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) येतोय आणि त्यापेक्षा रंकाळ्यातली जलपर्णी परवडली. टर्बो गोगलगायी घासल्यावरच सोड, त्या जास्त करून आखूड शेवाळ चरतात, लांब केसांना सहसा तोंड लावत नाहीत.