हायब्रिड गाडी समोरून ठोकली, एस्टिमेटमध्ये इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी दोन्ही धरलेत. खरंच लागतात का?

नदीकाठ
चौकात वळणाऱ्या एका पिकअपने माझ्या गाडीला समोरून उजव्या कोपऱ्यावर धडक दिली. बंपर, हेडलॅम्प, फेंडर गेले, बोनेट दुमडलं, खाली गुलाबी पाणी सांडलं. समोरच्या एअरबॅग उघडल्या. आम्हाला कुणाला काही झालं नाही, हे नशीब. पण तेव्हापासून गाडी रेडी (म्हणजे चालू) होत नाही, डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीमची खूण पेटून राहते.
वर्कशॉपने एस्टिमेट दिलंय त्यात इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारा), हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलचा पूर्ण हार्नेस म्हणजे जुडगा आणि हाय-व्होल्टेज बॅटरी असं सगळं नवीन धरलंय. या तीन ओळींमुळे प्रकरण टोटल लॉसकडे, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून विमा कंपनीने गाडी निकालात काढण्याकडे चाललंय. बॅटरी मागच्या सीटखाली आहे, तिथे ओरखडासुद्धा नाही. मग ती का बदलायची? गाडी उत्तम ठेवलेली होती, सोडवत नाही.

सरळरस्ता
टोटल लॉस देत असतील तर घ्या आणि मोकळे व्हा. एकदा ठोकलेली हायब्रिड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही असं ऐकलंय.

दहाचा_पाना
सरळरस्ता, ऐकीव गोष्टीवर कुणाची चांगली गाडी भंगारात जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. मी बॉडीशॉपमध्ये हायब्रिड आणि इलेक्ट्रिकचंच काम बघतो.

नदीकाठ, एअरबॅग उघडल्यावर गाडी रेडी न होणं हा बिघाड नाही, ती तशीच बनवलेली असते. धडकेचा सिग्नल मिळाला की बॅटरीच्या तोंडाशी असलेले मेन रिले (वीज तोडणारे स्विच) उघडतात आणि हाय व्होल्टेज बॅटरीच्या खोक्यातच कोंडलं जातं. काही गाड्यांत त्यासाठी एकदाच उडणारा फ्यूज असतो, तो बदलावा लागतो. म्हणजे बॅटरी गेली असं नाही, ती तोडून ठेवली आहे. तिच्या आरोग्याचं उत्तर वेगळं काढावं लागतं.

ते काढतात मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने. बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं (टोयोटा १० मिनिटं सांगते), १००० व्होल्टचे हातमोजे घालून आधी शून्य व्होल्ट आहे याची खात्री करायची, आणि मग बॅटरी, केबल, इन्व्हर्टर, एसीचा कॉम्प्रेसर, मोटर, प्रत्येक भाग सुटा करून बॉडीशी त्याचं इन्सुलेशन मोजायचं. संयुक्त राष्ट्रांच्या आर १०० नियमात डीसी सर्किटला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम मागितलेत. २०० व्होल्टच्या बॅटरीला ते २० हजार ओहम झाले. धडधाकट भाग त्याच्या कितीतरी वर, मेगओहममध्ये दाखवतो. तुमच्या एस्टिमेटला हे आकडे जोडलेले आहेत का? नसतील तर बॅटरीची ओळ अंदाजाने लिहिलेली आहे, आणि एवढ्या महाग वस्तूबाबत अंदाज मला अजिबात मान्य नाही.

एक गाडी आठवते. दुसरीकडून दुरुस्त होऊन आली होती, कोड पी०एए६, म्हणजे हाय-व्होल्टेज सर्किटचं इन्सुलेशन कुठेतरी गेलंय. कुठे, ते हा कोड एकटा सांगत नाही. मालकाच्या हातात नव्या बॅटरीचं एस्टिमेट होतं. आम्ही एकेक केबल सोडवत गेलो. बॅटरी स्वच्छ, इन्व्हर्टर स्वच्छ, कॉम्प्रेसरची केबल काढली आणि रीडिंग एकदम वर गेलं. समोरची धडक लागल्यावर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) बदलून गॅस भरताना नेहमीच्या मशीनमधलं पीएजी तेल, म्हणजे साध्या गाडीच्या एसीचं तेल, आत गेलं होतं. हायब्रिडचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्याची वाइंडिंग त्याच तेलात असते, म्हणून त्याला वीज न वाहणारं एस्टर तेलच लागतं. तुमचाही कंडेन्सर नक्की गेला असणार, तेव्हा गॅस कुठल्या मशीनने भरणार हे आजच विचारा.

आता इन्व्हर्टर. इथे वर्कशॉपचं बरोबर असू शकतं. तो बोनेटखाली असतो आणि त्याचं कूलंट इंजिनापासून वेगळं फिरतं, पंपही वेगळा. सांडलेलं गुलाबी पाणी कुठल्या लाइनचं, ते आधी बघा. फक्त रेडिएटर, पंप किंवा रबरी पाइप गेला असेल तर खर्च साधाच. पण इन्व्हर्टरच्या ॲल्युमिनियमच्या खोक्याला तडा गेला असेल किंवा पाइप बसवायची नळी तुटली असेल, तर त्यावर वेल्डिंग किंवा एम-सील नको. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी २०१.६ व्होल्टची, पण इन्व्हर्टर ते ६५० पर्यंत चढवतो. अशा वस्तूवर जुगाड करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. नारिंगी केबललाही तोच नियम. कापली, चेमटली तर जोड मारायचा नाही, ती केबल अख्खी बदलायची. पण ‘ती केबल’. मागची, जिला धक्काच लागला नाही, ती कशाला?

आणि उरलेल्या एस्टिमेटकडे नीट बघा. रडार, हेडलॅम्प, एअरबॅग, बेल्ट, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, पुढचा मेंबर. हे तेवढ्याच फीचर्सच्या पेट्रोल गाडीलाही लागलं असतं. पुढच्या धडकेत बिल बहुतेक इथेच फुगतं आणि नाव मात्र हायब्रिडचं होतं.

क्लेम_फाइल
मी विम्याच्या क्लेमसाठी सर्व्हेचं काम करते. वरचं सगळं खरं आहे, एकच भर घालते. दुरुस्तीआधीचा स्कॅन रिपोर्ट आणि मेगरची रीडिंग लेखी मागा, आणि बॅटरीची ओळ ‘तपासणीनंतर ठरवू’ अशी करून घ्या. असं केलं की टोटल लॉसचं गणित नव्याने मांडता येतं. मागून ठोकलेल्या गाडीत मात्र मी वर्कशॉपच्या बाजूने उभी राहते. डिकीचा पत्रा बॅटरीच्या खोक्यापर्यंत आला असेल तर तिथे काटकसर नको.

नदीकाठ
दादा, ताई, मनापासून आभार. आज विचारलं, मेगर लावलेलाच नव्हता, उद्या लावतो म्हणाले. अजून दोन शंका. इथे होत नसेल तर गाडी दुसरीकडे ओढून नेली तर चालेल का? आणि पेंट बूथच्या उष्णतेने बॅटरीला काही होतं का?

दहाचा_पाना
पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. मोटर चाकांना कायमची जोडलेली असते, चाकं फिरली की ती वीज तयार करते. फ्लॅटबेडवर चारही चाकं वर घेऊनच न्यायची.

बूथचं म्हणाल तर बॅटरीला किती तापमान किती वेळ चालतं ते प्रत्येक कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्याच्या वर जायचं असेल तर बॅटरी आधी काढून ठेवतात. पेंटरला नाही, सर्व्हिस मॅनेजरला विचारा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. उद्याची रीडिंग इथे टाका, कोणत्या भागाचं रीडिंग कमी आहे ते बघून पुढचं सांगतो.