शेल्टरमधला कुत्रा पूर्वी चावलाय का, हे कळायचं कसं?

ठाणेकर_आई:
घरी आम्ही दोघं, सासूबाई आणि पाच वर्षांची लेक. शेल्टरमधला तीनेक वर्षांचा एक देशी कुत्रा आवडलाय. रस्त्यावरून आणलेला, डाव्या कानाला खाच आहे. पिंजऱ्याजवळ गेलं की शेपूट हलवतो. कुणाला चावलाय का विचारलं, तर म्हणाले, "तशी काही नोंद नाही." लेकीने नावही ठेवलंय. सासूबाई मात्र घाबरतात. त्यांना काय सांगू?

मोतीचा_बाबा:
बिनधास्त आणा. प्रेम दिलं की कुत्रा कधीच चावत नाही.

फॉस्टर_पुणे:
बाबा, हे पटत नाही, आणि घरात लहान मूल असताना असं सांगूही नये. मी बरीच वर्षं कुत्रे फॉस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरते घरी सांभाळते. रस्त्यावरच्या कुत्र्याची नोंद ठेवणार कोण? घरातून सोडलेल्याचं तर आणखी अवघड. चावला असं सांगितलं तर शेल्टर घेणार नाही, म्हणून लोक लपवतात.

ताई, ऑफिसात विचारू नका. पिंजरा धुणाऱ्या, खाणं देणाऱ्या माणसाला गाठा. वाटीजवळ हात गेला तर हा काय करतो? पंजा धरू देतो? डॉक्टरांकडे नेताना तोंडाला जाळी लावावी लागली का? दत्तक जाऊन परत आलाय का? शेपटीवर तर अजिबात जाऊ नका. ताठ उभी धरून भराभर हलणारी शेपूट म्हणजे लाडच असं नाही.

माझ्याकडे एक कुत्री होती, माणसांत अगदी गोड. पण हाड तोंडात आलं की पलंगाखाली जायची आणि तिथे कुणाचा पाय दिसला तरी दात दाखवायची. हे दिसायला काही आठवडे गेले. सुरुवातीला नव्या घरात भीतीनेच गप्प होती. शेवटी मुलं नसलेल्या घरी दिली, छान आहे तिथे. म्हणून सांगते, आधी फॉस्टर म्हणून आणा आणि परत घेण्याचं लेखी घ्या. कुत्रा आणि लेक एकाच खोलीत असतील तर मोठं माणूस तिथे हवंच, मोबाईलमध्ये डोकं न घालता. गुरगुरला तर मारू नका. गुरगुरणं मार देऊन बंद केलं, तर पुढच्या वेळी तो इशारा न देता चावेल.

दवाखान्यातली_नर्स:
कानाची खाच म्हणजे नसबंदी झाली, आणि तेव्हा सहसा रेबीजची लसही देतात. पण ती पुढे दरवर्षी लागते, तारीख विचारून घ्या. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा तोंडावर, डोक्यावर बसतो, आणि तिथला चावा जास्त धोक्याचा. घरातल्या सगळ्यांना आधीच लस घेता येते, डॉक्टरांशी बोला.

ठाणेकर_आई:
आज खाणं देणाऱ्या दादांना भेटले. म्हणाले, "वाटी ठेवली की मी लांब होतो, हा कुणाला जवळ येऊ देत नाही." लेक रडली, पण याला नाही म्हणून आले. दादांनीच आठ वर्षांची एक कुत्री दाखवली. वाटीत हात घातला तरी ती बाजूला सरकून उभी राहते, असं ते म्हणतात. फॉस्टर ताई, या वयाची नव्या घरात रुळते का?

फॉस्टर_पुणे:
रुळते. पण फॉस्टरचं लेखी तिच्यासाठीही घ्याच.