बडीशेप कोणी उपटली?

जोशी काकू, ए-३०४: बागेच्या कोपऱ्यातली माझी बडीशेप काल मुळासकट उपटलेली दिसली. दिवाळीपासून पाणी घालत होते. फुलं धरली होती, महिन्याभरात दाणे भरले असते. ज्याने केलं त्याने निदान सांगावं.

सचिव: काकू, माळ्याला गाजरगवत काढायला सांगितलं होतं. त्याची गफलत झालेली दिसते. क्षमस्व 🙏

जोशी काकू: गाजरगवताला पांढरी फुलं येतात. माझ्या झाडावर पिवळ्या छत्र्या होत्या. काडी चुरडून वास घेतला असता तरी कळलं असतं.

आहेर, बी-२०२: सोसायटीच्या जागेत खासगी लागवड करण्याचा ठराव झाला होता का?

पवार वहिनी, ए-१०२: मला तर शेपूच वाटला होता 😄

निखिल, बी-४०१: दोन्ही एकाच कुळातले, वहिनी. गाजर, धने, जिरे, ओवासुद्धा. बडीशेपेचा गोड वास एनेथॉलमुळे येतो. शेपू उग्र.

खैरनार आजी: आमच्या बाळंतिणींना बाळंतशेपाच देत. बाळाला बडीशेपेचं पाणी चमचाभर.

रश्मी, बी-३०३: आजी, बाळंतशेपा म्हणजे शेपूचं बी. आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच. पाणी नाही, कसलंच नाही.

खैरनार आजी: बरं बाई. आमची मुलं जगलीच की.

देशपांडे काका: *फॉरवर्डेड* रोज बडीशेप खा, चष्मा घालवा, वजन घटवा, रक्त शुद्ध करा!!

निखिल: काका, हेच गेल्या महिन्यात ओव्याच्या नावाने आलं होतं.

देशपांडे काका: फायबर असतं की नाही? कॅल्शियम?

रश्मी: १०० ग्रॅममध्ये सुमारे ४० ग्रॅम फायबर, १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. पण जेवणानंतर तुम्ही खाणार चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम. आणि तुमची ती रंगीत साखरेची असते. शुगर किती आली परवा?

देशपांडे काका: हा विषय इथे नको.

पवार वहिनी: मॉलमध्ये पांढरा गड्डा मिळतो तो हाच का?

निखिल: तो फ्लोरेन्स फेनेल, वेगळा वाण. इटलीत पातळ चकत्या करून संत्र्याबरोबर कच्चा खातात. आपल्या दाण्याच्या झाडाला तसा गड्डा धरत नाही.

सोनवणे, ए-२०१: काश्मीरला गेलो होतो तेव्हा मटणात बडीशेप आणि सुंठेची पूड. कांदा नाही, लसूण नाही. काय रस्सा होता राव!

शहा भाभी: ग्रुपवर मटणाच्या गोष्टी नकोत प्लीज.

सोनवणे: मग पंचफोडण घ्या. मेथी, कलौंजी, जिरं, मोहरी, बडीशेप. भोपळ्याला द्या फोडणी.

आहेर, बी-२०२: पुन्हा विचारतो. ठराव कुठे आहे?

सचिव: काकू, गंगेवर (गोदाकाठी) बुधवारच्या बाजारातून पाव किलो आणून देतो. विषय संपवू.

जोशी काकू: वाळकी घरात डबाभर आहे. ओले हिरवे दाणे झाडावरून तोडून चावलेत कधी? रस येतो तोंडात. त्या एका आठवड्यासाठी चार महिने थांबले होते. तुमचा पाव किलो तुम्हालाच ठेवा. शिवाय माळी तर कालच आला, शेंडे महिनाभर खुडलेले दिसत होते.

पवार वहिनी: काकू, एकदाच. मुगाच्या डाळीत घातले. गोड लागली, मुलांनी तोंडही लावलं नाही.

सोनवणे: 😂😂

आहेर, बी-२०२: म्हणजे ठराव नाहीच.

जोशी काकू: पवार वहिनी, संध्याकाळी घरी असाल ना? येते.