मदत हवी आहे: धूळ आणि पाऊस दोन्ही असताना सायकलच्या चेनला कोणतं ल्यूब (वंगण)?

चेन ११-स्पीड (मागे ११ गिअर), रस्ता कधी धुळीचा तर कधी ओला. वेट ल्यूब पावसात टिकतं, पण त्यावर धूळ बसून काळा राप धरतो आणि तोच पिना-रोलर झिजवतो. ड्राय ल्यूब स्वच्छ राहतं, मात्र एका पावसात धुऊन जातं. म्हणून ड्रिप वॅक्सकडे (थेंबाथेंबाने टाकायचं पातळ मेण) कल आहे. डीग्रीझरने आधीचं ग्रीस पूर्ण काढायचं, प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाकायचा, रात्रभर सुकू द्यायचं, इथवर स्पष्ट आहे.

अडतंय ते पुढे. भिजलेली चेन पुसून, वाळवून त्यावर थेट पुन्हा वॅक्स चालतं, की आधी उकळत्या पाण्याने जुना थर काढावाच लागतो? चेन चेकर (चेनची झीज मोजायचं साधन) ०.५ टक्के झीज दाखवतोय, मग वॅक्स नव्या चेनपासूनच सुरू करावं का?